फुकटची खोली दोघांची, आम्ही पाच: पॉइंट्सवर पुणे-बेळगाव-गोवा

नवरा चाकणच्या एका कंपनीत आहे. मशिनं बसवून चालू करून द्यायचं त्याचं काम. त्यामुळे गेली तीन वर्षं महिन्यातले आठ-दहा दिवस तो चेन्नईत असतो आणि तिथे एकाच साखळीच्या हॉटेलात उतरतो. बिल कंपनी भरते, राहिल्याबद्दलचे पॉइंट्स त्याच्या खात्यावर पडतात आणि साठले की त्यांवर त्या साखळीच्या हॉटेलांत पैसे न देता खोली मिळते. चेन्नईतली एकेक रात्र म्हणजे तो घरी नसलेली रात्र. लेकीच्या गॅदरिंगला तो नव्हता. धाकट्याला डेंग्यू झाला तेव्हा नव्हता. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री शेवटच्या विमानाने पोचला. म्हणून हे पॉइंट्स शॉपिंगच्या कुपनांवर घालवायचे नाहीत, पाचही जणांनी एकत्र राहण्यातच वापरायचे, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

२०२५ च्या दिवाळीनंतर ते जमलं. भाऊबीज उरकून शनिवारी, २५ ऑक्टोबरला आम्ही वडगाव बुद्रुकहून गाडी काढली आणि बुधवारी २९ ला परत आलो. चार रात्री: जाताना बेळगाव, मग गोव्यात दोन, येताना कोल्हापूर. आमची कुळदेवता गोव्यातल्या कवळ्याची शांतादुर्गा. गुडघा बरा झाला की ओटी भरायला येईन, असं आई बोलल्या होत्या. तेव्हा ठिकाण ठरलेलं होतं, प्रश्न फक्त वाटेतल्या मुक्कामांचा होता.

साखळीचं नाव लिहीत नाही. गोव्यात जे झालं ते एका हॉटेलच्या एका काउंटरवर झालं, त्यावरून अख्ख्या नावाला बोल लावणं बरोबर नाही. आणि ही योजना थोड्याफार फरकाने सगळीकडे अशीच चालते.

आधी मूळ अडचण सांगते, कारण ती कुठल्याही ॲपवर ठळक लिहिलेली नसते. पॉइंट्सवर मिळते ती साधी खोली, आणि ती दोन मोठ्या माणसांसाठी. सोबत एखादं लहान मूल चालतं, दुसऱ्याला कुरकुर होते. घरातल्या आजीचा त्यात हिशेबच नसतो. मला हे आधी अन्यायाचं वाटलं, पण योजना कुणासाठी निघाली ते बघितलं की उलगडा होतो. १९८३ साली अमेरिकेत हॉलिडे इन या हॉटेल साखळीने आणि त्याच वर्षी मॅरियटने अशा योजना काढल्या त्या कामासाठी सतत फिरणाऱ्या माणसासाठी. त्याने पुन्हा आपल्याकडेच उतरावं, आणि कधीतरी बायकोला घेऊन यावं. सासू, बायको, आठवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा असं बिऱ्हाड घेऊन येणारा माणूस त्या कागदावर नव्हताच. आपल्याकडे मात्र गाडी निघते ती भरूनच. म्हणून पॉइंट्स मोजायच्या आधी डोकी मोजायची. आमची पाच डोकी म्हणजे दोन खोल्या, म्हणजे प्रत्येक रात्रीला दुप्पट पॉइंट्स. हे पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं, त्यामुळे पुढचं सगळं नीट सुचलं.

आमच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे साठलेले पॉइंट्स, दुसरी एका रात्रीचं व्हाउचर. वर्षात ठरावीक रात्री राहिलं की ते मिळतं. व्हाउचरला दोन बंधनं. जिथे खोलीचा दर १२,००० पॉइंट्सच्या आत असेल तिथेच ते चालणार, आणि मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत. ही मुदत बुकिंगची नाही, मुक्काम संपण्याची. मी ऑगस्टमध्ये हे वाचलं म्हणून बरं झालं. नवरा समजत होता की ३१ तारखेला बुकिंग केलं तरी चालेल आणि डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत जाता येईल. ते व्हाउचर वायाच गेलं असतं. ज्यांच्याकडे असं काही पडून असेल त्यांनी आज ॲप उघडून मुदतीखालची बारीक अक्षरं वाचावीत. साध्या पॉइंट्सचीही मुदत असते. मॅरियट आणि हिल्टनमध्ये खात्यावर २४ महिने काही हालचाल झाली नाही की पॉइंट्स जातात. आयएचजी या साखळीत प्राथमिक पातळीच्या सदस्यांना १२ महिनेच मिळतात. घरातला माणूस नोकरी बदलतो, फिरणं थांबतं, आणि तीन वर्षांच्या रात्री गुपचूप पुसल्या जातात.

आता दर. मी एका सीएच्या ऑफिसात जमाखर्च बघते, त्यामुळे फुकट हा शब्द दिसला की मी एका पॉइंटला किती पैसे पडले ते काढते. रीत सोपी आहे. त्याच तारखेला तीच खोली रोख घेतली तर करासकट किती, ते बघायचं आणि पॉइंट्सने भागायचं. करासकट हे महत्त्वाचं, कारण पॉइंट्सवरच्या खोलीला आम्हाला जीएसटी लागला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी झाला आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के तसाच आहे. बेळगावची खोली ४,६०० रुपये, करासकट ४,८३०. पॉइंट्सवर ती ९,००० ला होती. म्हणजे पॉइंटमागे साधारण ५४ पैसे. गोव्याची ९,४०० रुपयांची, करासकट ११,०९२, आणि पॉइंट्स २६,०००. म्हणजे ४३ पैसे. समुद्रकिनाऱ्याजवळचं, पोहायचा तलाव असलेलं, फोटोत सुंदर दिसणारं हॉटेल पॉइंट्सना कमी मोल देतं, आणि महामार्गालगतचं साधं, स्वच्छ हॉटेल जास्त देतं. हे आकडे समोर असूनही मी गोव्याचं बुकिंग केलं. मुलांना पोहायचं होतं आणि मलाही ते हॉटेल आवडलं होतं.

एक चूक मात्र टाळता आली असती. ऑगस्टमध्ये मी पाहिलं तेव्हा गोव्याची हीच खोली २१,००० ला होती. नवऱ्याची रजा मंजूर व्हायची होती म्हणून मी थांबले. सप्टेंबरच्या शेवटी रजा आली आणि खोली २६,००० वर गेली. आता बहुतेक साखळ्यांमध्ये ठरावीक दरांचा तक्ता उरलेला नाही. मॅरियटने तो मार्च २०२२ मध्ये बंद केला, हिल्टनने त्याच्याही आधी. रोख दर चढला की पॉइंट्सही चढतात. पण पॉइंट्सवरचं बुकिंग एक-दोन दिवस आधीपर्यंत रद्द करता येतं आणि पॉइंट्स परत जमा होतात, निदान आमच्या दोन्ही बुकिंगांवर तसं लिहिलेलं होतं. तेव्हा आधी खोली धरायची आणि मग रजा मागायची. दोन रात्रींचे मिळून दहा हजार पॉइंट्स त्या वाट बघण्यात गेले, ते मला अजून लागतं.

निघालो पहाटे साडेपाचला. नवले पूल अंधारात ओलांडला, उजाडताना खंबाटकी घाटात होतो. फास्टॅगचा वर्षाचा पास घेतला होता. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला, तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या, राष्ट्रीय महामार्गांवरच चालणारा. त्यामुळे खेड शिवापूरपासून टोलचा हिशेब डोक्यातून गेला. साताऱ्याच्या पुढे मात्र रस्त्याने परीक्षा घेतली. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम चाललेलं, जागोजागी वळणं, धूळ, कऱ्हाडला तासभर रखडलो. आईंचा पाय दर दीड तासाने मोकळा करावा लागतो. डॉक्टरांनी तसं सांगितलंय. सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरच्या रस्त्याला आम्हाला नऊ तास लागले. दुपारी बेळगावात शिरलो तेव्हा धाकटा मागच्या सीटवर आडवा झाला होता आणि आई एक शब्द बोलत नव्हत्या. त्या बोलत नाहीत तेव्हा त्यांना दुखत असतं.

पूर्वी या रस्त्यावर आम्ही कुठेही थांबायचो. मिळेल ते लॉज, खाली परमिट रूम, वर खोल्या, चादरीला सिगारेटचा वास. दोघंच होतो तेव्हा ते चालून गेलं. आता नाही चालत. बेळगावच्या त्या हॉटेलात दारात गाडी लागली, माणूस व्हीलचेअर घेऊन बाहेर आला (बुकिंग करताना मी एका ओळीत गुडघ्याचं लिहिलं होतं) आणि आईंशी थेट मराठीत बोलायला लागला. "आज्जी, पुण्याहून आलाय न्हवं? बसा, घाई नाही." आई बसल्या नाहीत, चालतच गेल्या, पण त्या वाक्याने त्यांचा चेहरा सुटला.

व्हाउचरवर एक खोली, ९,००० पॉइंट्सवर दुसरी. दोन्ही नवऱ्याच्याच खात्यातून घेतलेल्या, त्यामुळे शेजारी-शेजारी मिळाल्या, मधला दरवाजा उघडणाऱ्या. आधार कार्डं सगळ्या मोठ्यांची मागितली, ज्याच्या नावावर पॉइंट्स तो माणूस समोर हवा म्हणाले, सही झाली, पाच मिनिटांत किल्ल्या हातात.

मी आईंबरोबर त्यांच्या बाथरूममध्ये गेले. हे जरा सविस्तर लिहिते, कारण वयस्कर माणूस घेऊन फिरणाऱ्याला हॉटेलची लॉबी नाही, बाथरूम बघायचं असतं. फरशी खरबरीत होती, ओली झाली तरी पाय धरून ठेवणारी. कमोडच्या उजव्या बाजूला भिंतीत स्टीलची दांडी आडवी बसवलेली, आणि शॉवरखाली दुसरी, उभी. आईंनी आधी दोन बोटांनी दांडी हलवून पाहिली. मग मुठीत धरून सगळं वजन टाकलं. दांडी हलली नाही. मग त्यांनी जमिनीपासून दांडीपर्यंत वीत लावत मोजलं, एक, दोन, तीन, चार. "चार विती," मला म्हणाल्या, "लक्षात ठेव गं." बादली-तांब्या मागवला तर प्लास्टिकचं स्टूलसुद्धा न मागता आलं. गरम पाणी नळ सोडल्यावर लगेच. त्या रात्री आई ऑपरेशननंतर पहिल्यांदा परक्या जागी एकट्या आंघोळीला गेल्या. दाराला कडी न लावता, पण एकट्या. मी बाहेर पलंगावर बसून पाण्याचा आवाज ऐकत होते.

संध्याकाळी नवरा आणि लेक कॅम्पात जाऊन कुंदा घेऊन आले. मी आणि आई खोलीतच वरण-भात मागवून जेवलो. सकाळचा नाश्ता दोन्ही खोल्यांत धरलेला होता, दोन खोल्या म्हणजे चार माणसं, पाचव्या छोट्याचे निम्म्या दराने २०० रुपये. पोहे, इडली, उप्पीट, दही. पोह्यांवर ताजं खोबरं. चहा मात्र पाणचट होता, पुन्हा करून मागितला तर स्वयंपाकघरातला माणूस स्वतः आल्याचा चहा घेऊन आला. निघताना बिलावर एकच आकडा, २०० आणि त्यावरचा कर. बाकी सगळ्या ओळी शून्य. मी तो कागद नवऱ्याच्या हातात दिला. तो बराच वेळ बघत राहिला. चेन्नईत तो असे कागद दर आठवड्याला बघतो, पण त्याखाली आमची नावं नसतात.

दुसऱ्या दिवशी जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरलो. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, तिथे दहा मिनिटं थांबून आईंनी पाणी डोळ्याला लावलं. घाटात धुकं आणि खड्डे दोन्ही भरपूर. दुपारी गोव्यात.

इथला अनुभव लिहायला मला बरं वाटत नाही, पण तोच खरा उपयोगाचा आहे. ॲपवर पॉइंट्सवरची एकच खोली शिल्लक दिसत होती. ती दोन रात्रींसाठी ५२,००० पॉइंट्सना नवऱ्याच्या खात्यातून घेतली आणि दुसरी रोखीने, माझ्या नावावर. आठवडाभर आधी हॉटेलला फोन करून सांगितलं होतं: एक वयस्कर बाई आहेत, खोल्या शेजारी द्या, खालच्या मजल्यावर द्या. पलीकडून "हो मॅडम, नोंद केली" असं उत्तर. प्रत्यक्षात एक खोली तळमजल्यावर, दुसरी पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, मधे तलाव आणि पायऱ्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमची ती रिवॉर्ड बुकिंगची खोली आहे, त्यात पसंती देता येत नाही."

मला हे फार लागलं. त्या खोलीचे पैसे आधीच दिले गेले आहेत, माझ्या नवऱ्याच्या घरी नसलेल्या रात्रींनी. फुकट आलेला पाहुणा म्हणून मागे उभं राहायचं कारण नाही. मी हे शांतपणे सांगितलं आणि फोनची तारीख, वेळ दाखवली. मॅनेजर आल्या, त्यांनी माफी मागितली, पण हॉटेल भरलेलं होतं. पहिली रात्र आई आणि लेक तळमजल्यावर, आम्ही पलीकडे. रात्री अकरा वाजता लेकीचा फोन आला की आज्जीला पाणी हवंय आणि जग सापडत नाहीये. नवरा पायऱ्या उतरून, तलावाला वळसा घालून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची खोली रिकामी झाली आणि सामान हलवलं.

मॅनेजरबाईंनी नंतर एक खरं कारण सांगितलं, ते सगळ्यांनी ध्यानात ठेवावं. दोन खोल्या दोन वेगळ्या नावांवर असतील तर त्यांच्या संगणकाला त्या एका कुटुंबाच्या आहेत हे कळतच नाही. बुकिंग झाल्यावर दोन्ही क्रमांक देऊन ती जोडून घ्यायची असतात, आणि जोडल्याचा ईमेल मागायचा असतो. फोनवरच्या शब्दाला अर्थ नाही. बेळगावला हे आपोआप झालं कारण खातं एक होतं.

दुसरी गोष्ट नाश्ता. इथे पॉइंट्सवरच्या खोलीत नाश्ता नव्हता, रोखीच्या खोलीत दोघांचा होता. उरलेल्या तिघांचे एका सकाळचे २,१२५ रुपये झाले. मोठ्यांना ८५०, छोट्याला निम्मे, वर कर. मांडलेले पदार्थ चाळीस असतील, पण आई खातात एक इडली आणि अर्धा कप दूध. दुसऱ्या सकाळी आम्ही फोंड्यात भाजी-पाव खाल्ला, पातळ भाजी, गरम पाव, मिरच्यांची भजी, पाच जणांचे ३४० रुपये, आणि सगळ्यांना तो जास्त आवडला.

मुलांचं पोहणं मात्र मनासारखं झालं. नवरा दोन तास पाण्यात होता, धाकटा त्याच्या पाठीवर. एवढा वेळ फोन न बघता तो मुलांबरोबर होता, हे मी कधी शेवटचं पाहिलं ते आठवत नाही. म्हणून गोव्यावर मी सगळीच काट मारणार नाही.

सोमवारी कवळे. सध्याचं देऊळ १७३८ च्या सुमाराचं, साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या दरबारातले नारो राम मंत्री यांनी खटपट करून बांधवलेलं. ज्या साताऱ्यावरून आपण येतो तिथून इथवर धागा आहे, हे आईंनी मुलांना दीपमाळेजवळ बसून सांगितलं. ओटी भरून झाली. बाहेर येताना आईंनी देवळालगतच्या अग्रशाळेकडे बोट दाखवलं. "माझ्या लहानपणी आम्ही अठरा जण इथे सतरंज्या टाकून झोपायचो. पहाटे घंटेनं जाग यायची." मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी गोव्यात इथेच राहू या. तुझे ते पॉइंट्स बेळगावला वापर. दमलेल्याला तिथे हवी असते खोली."

मी तीन महिने वह्या भरून जे काढलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात काढलं. मला वाटायचं, फुकट रात्र म्हणजे एरवी परवडत नाही तिथे जायची संधी. आता मी उलट सांगेन. गाडीने जाताना ती रात्र वाटेत लावा, जिथे नऊ तासांनी पोचल्यावर स्वच्छ पलंग आणि घट्ट दांडी मिळेल की नाही याची खात्री नसते, आणि जिथे तिला पॉइंट्सही कमी लागतात. पोचायच्या ठिकाणी हातात वेळ असतो, माणूस धडधाकट असतो, ओळखीचं कुणी असतं, स्वस्त चांगली जागा शोधता येते. वाटेतल्या गावात संध्याकाळी पाच वाजता दुखरा गुडघा घेऊन शोधता येत नाही.

आणखी एक. पाचवी रात्र मोफत अशा सवलती फार ऐकू येतात. मॅरियटमध्ये पॉइंट्सवर सलग पाच रात्री घेतल्या तर एका रात्रीचे लागत नाहीत, हिल्टनमध्ये सिल्व्हर पातळीपासून पुढे तसंच. पण गाडीने एकेका गावी एकेक रात्र काढणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही. त्यासाठी साखळी बदलू नका. अकॉरमध्ये तर पॉइंट्सवर फुकट रात्र असा प्रकारच नाही, २,००० पॉइंट्सना बिलातून ४० यूरो वजा होतात. आमच्यासारख्यांना कदाचित तेच सोयीचं, कारण दुसरी खोली, नाश्ता, सगळंच त्या बिलात येतं. हिल्टनमध्ये घरातल्या माणसांचे पॉइंट्स एकत्र करता येतात, आपल्याखेरीज दहा जणांपर्यंत. नवरा-बायको दोघंही कामानिमित्त फिरत असतील तर ही सोय मोठी आहे.

येताना आंबोलीवरून चढलो. सावंतवाडीत धाकट्याला लाकडी बैलगाडी घेतली. कोल्हापुरात रंकाळ्याजवळ एका घरगुती लॉजवर दोन खोल्या, प्रत्येकी १,९००. पॉइंट्स नाहीत, ॲप नाही, मालकीणबाईंनी रात्री सगळ्यांना दूध विचारलं. रात्र छान गेली. सकाळी अंबाबाईचं दर्शन, मिसळ, आणि रात्री आठला घरी.

एकूण हिशेब: ६१,००० पॉइंट्स आणि एक व्हाउचर गेलं. खोल्या आणि हॉटेलातला नाश्ता मिळून रोख २८,३०९ रुपये, नाश्त्यावरचा कर वेगळा. पॉइंट्स नसते तर त्यात ३१,८४४ ची भर पडली असती. बेळगावच्या त्या हॉटेलला माझ्याकडून पाचपैकी पाच. गोव्याच्या हॉटेलला तीन, आणि त्यातला एक तलावाचा. योजनेला चार, कारण माणसं मोजायला ती अजून शिकलेली नाही.

सोमवारी नवरा पुन्हा चेन्नईला गेला. मंगळवारी मी प्लंबरला बोलावलं. आमच्या बाथरूममध्ये कमोडच्या उजव्या हाताला दांडी बसवायची होती. त्याने टेप काढली आणि विचारलं, "किती उंचीवर घेऊ?" आई आतून काठी टेकत आल्या, भिंतीला हात लावला आणि खालपासून वर मोजत गेल्या. एक, दोन, तीन, चार.